कोरडी बाटली

"…पण सर, तुम्ही एवढे भिता कशाला?"

डॉक्टर शार्दूल इंगवलेने हा प्रश्न विचारला तेव्हा त्याच्या पुढ्यात एका बाईची छाती उघडी होती. आत तिचं हृदय नुकतंच पुन्हा धडधडू लागलं होतं.

टेबलाच्या पलीकडे डॉक्टर सबनीस उभे होते. वय सत्तरीला टेकलेलं. कृष्णाकाठच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात हृदयाची ऑपरेशनं त्यांनीच सुरू केली. आता बोटांचे सांधे धरले होते, म्हणून सुई शिष्याच्या हातात आणि ते स्वतः मदतनिसाच्या जागी.

ते रक्ताकडे बघत होते.

रक्त फार नव्हतं. झिरपत होतं… हृदयाच्या मागून, चिरलेल्या हाडाच्या कडेतून, जिथे जिथे सुई गेली होती तिथून.

असं होतंच. हृदय थांबवून झडप बदलायची, तर तेवढा वेळ अंगातलं रक्त मशीनमधून फिरवावं लागतं. मशीनमध्ये ते गोठू नये म्हणून आधी एक औषध देऊन त्याची गोठण्याची सवयच मोडतात. काम झालं की दुसरं औषध देऊन ती सवय परत लावायची. पण रक्त काही आज्ञाधारक नसतं. ते आपला वेळ घेतं, आणि तेवढ्या वेळात भल्याभल्या सर्जनच्या तोंडचं पाणी पळतं.

निदान सबनीसांच्या तरी. शार्दूलच्या नाही.

शार्दूल मोठमोठ्या ठिकाणी शिकून आला होता. हात चलाख, डोकं तल्लख, आणि दोन्हींची त्याला पुरेपूर कल्पना होती. आपल्या एकाही पेशंटची छाती पुन्हा उघडावी लागलेली नाही, हे तो चहाच्या टेबलावर दोनदा तरी सांगायचा. खोटं नव्हतं ते. पण ऐकणाऱ्याला कंटाळा यायचा.

"महाधमनीवर एक टाका घालतो," तो म्हणाला. "मशीनची नळी काढली तिथे ओलं दिसतंय."

"नको."

"एकच, सर."

"टाक्याला सुई लागते."

"हो."

"सुईने भोक पडतं."

शार्दूल मास्कच्या आत हसला. म्हाताऱ्याचं नेहमीचंच, त्याला वाटलं.

सबनीसांनी कोमट पाण्यात भिजवलेल्या गॉजच्या घड्या मागून घेतल्या आणि एकेक करून बाईच्या छातीत दाबून बसवल्या. मग त्यांनी दोन्ही हात उचलून स्वतःच्या छातीशी धरले. त्यांच्या थिएटरमध्ये हा रिवाज होता. घड्या बसवल्या की सगळ्यांनी हात काढायचे. कुणी बोलायचं नाही, कुणी हलायचं नाही, रक्त ओढणारी नळीसुद्धा बंद. ज्युनियर मंडळी याला 'सरांची समाधी' म्हणत. प्रेमानेच म्हणत, पण म्हणत.

मॉनिटर टुकटुकत राहिला…

शार्दूलला उभं राहवेना.

"पेशंटचं रक्त जातंय आणि आपण हात बांधून उभे."

"हो."

"पिशव्या मागवू? प्लाझ्मा, प्लेटलेट, सगळं चढवतो. लगेच कोरडं होईल."

"कुणासाठी?"

"म्हणजे?"

"पिशव्या कुणासाठी मागवतोस?"

"पेशंटसाठी, सर. आणखी कुणासाठी मागवणार?"

सबनीसांनी घड्यांवरची नजर हलवली नाही.

"ब्लड बँकेत पडून तर आहेत," शार्दूल म्हणाला.

"त्याआधी कुणाच्या तरी अंगात होत्या."

ही बोलण्याची तऱ्हा शार्दूलच्या डोक्यात जायची. माणसाने सरळ हो म्हणावं किंवा नाही म्हणावं. हे म्हणजे प्रत्येक वेळी अर्धंच वाक्य टाकायचं आणि उरलेलं दुसऱ्याने घरी नेऊन सोडवायचं.

काही वेळाने सबनीसांनी घड्या काढायला सुरुवात केली. पहिली लाल होती. दुसरी गुलाबी. खालच्या जवळजवळ पांढऱ्या निघाल्या. एकही पिशवी न चढवता रक्त आपलं आपण आवरत चाललं होतं. महाधमनीवरची ती जागा मात्र अजून किंचित ओली होती.

तेवढ्यात भूलतज्ज्ञ बाईंनी रक्ताच्या तपासणीचा कागद दाखवला. सबनीस मान वळवून वाचू लागले.

शार्दूलने सुई घेतली आणि टाका घातला.

गाठ मारून दोरा कापेपर्यंत सबनीसांची मान परत फिरली. त्यांनी टाक्याकडे पाहिलं. मग शार्दूलकडे पाहिलं. ते बराच वेळ त्या जागेवर डोळे लावून उभे राहिले. जागा खरोखरच कोरडी होती.

"बंद कर," ते अखेर म्हणाले.

छातीत दोन नळ्या ठेवल्या, म्हणजे आत जे काही झिरपेल ते बाहेर बाटलीत यावं. हाड स्टीलच्या तारांनी आवळलं. कातडी शिवली.

बाहेर बाकड्यावर त्या बाईची सासू बसली होती. पेशंटचं नाव वैजयंता खोत. यंत्रमागावर काम करायची, लहानपणच्या सांधेतापाने हृदयाची झडप गेलेली. नवरा अपघातात गेला, तेव्हापासून घरात या दोघी आणि वैजयंताची शाळकरी मुलगी. सासूला सगळे कोंडाआक्का म्हणत.

डॉक्टर दिसताच ती उठून उभी राहिली.

"रगत थांबलं का वो?"

"थांबलं, आजी," शार्दूल म्हणाला. "काळजी सोडा आता."

"अजून नाही, आक्का," सबनीस म्हणाले. "थोडं वाहतंय. वाहू दे."

आक्काने दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. हातातली कापडी पिशवी तिने छातीशी धरली.

"मग म्या खरं कुनाचं मानू?"

"मी इथंच आहे," सबनीस म्हणाले. "घरी गेलेलो नाही, एवढंच ध्यानात ठेवा."

"माझं रगत घ्या म्हनलं, तर ती रगत घेनारी पोरगी म्हनली म्हाताऱ्यांचं चालत न्हाई. न्हाईतर म्या दिलं असतं वो…"

"ठाऊक आहे मला."

कोपरा वळल्यावर शार्दूल रागावून बोलला. "सर, उगीच घाबरवलंत तिला."

"मी घाबरलेलो आहे. तिला एकटीलाच कशाला निवांत ठेवायचं?"

आयसीयूत सबनीसांचं आणखी एक ठरलेलं होतं. पलंगाच्या पायथ्याशी एक बुटकं स्टूल. त्यावर बसायचं आणि बाटलीकडे बघायचं. वर मॉनिटरवर हिरव्यापिवळ्या रेघा नाचत असायच्या, त्यांच्याकडे ते अधूनमधूनच मान वर करायचे. बाटलीत नळीच्या टोकातून थेंब पडायचा… मग दुसरा… मध्येच ते वाकड्या बोटांनी नळी दाबत दाबत खालपर्यंत आणायचे, म्हणजे आत रक्ताची गुठळी अडकू नये.

"सगळं मॉनिटरवर दिसतं, सर," शार्दूल म्हणाला.

"दिसतं."

"मग बाटलीत काय बघता?"

"बोलतेय ती. बोलतेय तोवर ठीक आहे."

शार्दूलने सिस्टर सातपुत्यांकडे बघून भुवया उंचावल्या. सिस्टर हसल्या नाहीत. त्या सलाइनचा वेग बघत होत्या.

दुपार कलली. सबनीसांना साखरेचा आजार होता. वेळेवर पोटात काही गेलं नाही की त्यांना घाम सुटायचा. शार्दूलने ते ओळखलं. हे मात्र त्याचं चांगलं होतं, गुरूच्या तब्येतीवर त्याचा डोळा असे.

"सर, जेवून या. मी आहे."

सबनीस उठले. दारापर्यंत जाऊन वळले.

"नळी दाबत राहा."

"हो."

"थेंब मोठा असू दे, लहान असू दे. पडत राहिला पाहिजे."

"हो, सर. जेवा तुम्ही."

ते शेजारच्या डॉक्टरांच्या खोलीत गेले. शार्दूल स्टुलावर बसला नाही. बुटक्या स्टुलावर गुडघे पोटाशी घेऊन बसणं त्याला शोभेना. नळ्या दाबणं हे तर वॉर्डबॉयचं काम, असं त्याचं मत. तो मॉनिटरखाली उभा राहिला.

थेंब जरा जलद पडू लागले.

त्याने दुर्लक्ष केलं. मग पुन्हा पाहिलं. आता थेंबाथेंबांमधली फट दिसत नव्हती, बारीक धार लागली होती. बाटलीतली लाल रेघ वर चढत होती.

शार्दूल घाबरला. पण त्याला ती भीती वाटली नाही, राग वाटला. बाईच्या रक्ताचा राग, म्हाताऱ्याच्या समाधीचा राग. तेव्हाच पिशव्या चढवल्या असत्या तर… आता ही धार थांबली नाही तर पुन्हा छाती उघडावी लागेल. उद्या चहाच्या टेबलावर सगळे गप्प बसतील आणि कपात बघतील. त्याला ते चित्र डोळ्यांसमोर स्पष्ट दिसलं. वैजयंता दिसली नाही, हे इथे सांगायलाच हवं.

"सिस्टर, प्लाझ्मा मागवा. प्लेटलेटही, रक्ताची एक पिशवीही. आहेत तेवढ्या."

"सरांना विचारू का?"

"सर जेवतायत. मागवा."

पिशव्या आल्या. एकामागून एक चढल्या. पिवळ्या, मग पुन्हा पिवळ्या, मधे एक लाल. शार्दूल हाताची घडी घालून उभा होता.

आणि त्याच्या मनासारखं झालं. धार तुटली. नळीच्या टोकाशी एक थेंब लोंबकळत राहिला आणि पडलाच नाही. त्याच्या मागून दुसरा आला नाही. बाटली गप्प झाली.

शार्दूलने मोठा श्वास सोडला. खरं सांगायचं तर त्याला हसू आवरत नव्हतं.

तो डॉक्टरांच्या खोलीत गेला. सबनीस भाकरीचा तुकडा मोडत होते.

"कोरडं, सर."

"काय कोरडं?"

"बाटली. मघाशी जरा वाढलं होतं. आता एक थेंब नाही."

सबनीसांचा हात ताटावरच थांबला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना शार्दूलने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, आणि त्याला तो समजला नाही.

"कमी कमी होत गेलं," त्यांनी विचारलं, "की एकदम?"

"…एकदम."

खुर्ची मागे पडली. सबनीस उष्ट्या हातानेच निघाले. ज्या गुडघ्यांमुळे जिने चढताना कठडा धरावा लागे, त्याच गुडघ्यांनी ते पळत होते. शार्दूल मागून गेला. काय झालं ते अजून त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

हातावर स्पिरिट ओतून घेत सबनीस पलंगाशी पोचले. बाटलीकडे त्यांनी पाहिलंही नाही. चादर बाजूला करून वैजयंताच्या पावलांवर तळवा ठेवला.

"गार," ते म्हणाले.

मग मान बघितली. गळ्यातली शीर फुगून करंगळीएवढी झाली होती.

"प्रेशर उतरतंय, सर," सिस्टर सातपुते म्हणाल्या. "आत्ताच उतरायला लागलं."

"रक्त गेलंय म्हणून," शार्दूल घाईने म्हणाला. "आणखी एक पिशवी चढवतो, की…"

"रक्त कमी असतं तर ही शीर रिकामी असती."

"पिशव्या दिल्यात ना, म्हणून भरली असेल."

सबनीसांनी मान वर केली.

"पिशव्या कशाला दिल्या?"

शार्दूलची नजर स्टँडवरच्या रिकाम्या पिशव्यांकडे गेली.

सबनीसांनी नळी चिमटीत धरून दाबली. आत काळपट, रबरासारखं काहीतरी होतं. ते सरकलं नाही. पुन्हा दाबलं. सरकलं नाही.

"रक्त थांबलेलं नाही," ते म्हणाले. "बाहेर यायचं थांबलंय."

तेव्हा शार्दूलला समजलं. नळी कुणी दाबलीच नव्हती. तिचं तोंड गुठळीने बुजलं होतं आणि आत रक्त झिरपतच होतं. बाहेर वाट नाही म्हणून ते हृदयाभोवती साचत होतं. मूठ आवळत जावी तसं ते हृदयाला सगळीकडून दाबत होतं. हृदयाला फुलायला जागा उरली नव्हती. ज्या बाटलीचं कौतुक सांगायला तो गेला होता, तिच्या गप्प होण्याचा अर्थ हा होता.



"उघड," सबनीस म्हणाले.

"इथं? थिएटरमध्ये नेऊ, सर. लिफ्ट बोलावतो…"

"वाटेत जाईल."

सिस्टरांनी भिंतीवरची पेटी खाली काढली. झाकण उघडलं. चिमटे, कात्री, तार कापायची पक्कड.

"सर, तुम्ही… तुम्ही उघडा."

सबनीसांनी आपली बोटं त्याच्यासमोर धरली. सांध्यांशी गाठी आलेली, बाजूला झुकलेली बोटं.

"माझ्याच्याने आता तार तुटत नाही, शार्दूल. तुटली असती तर तुला सांगितलं नसतं."

मॉनिटर ओरडायला लागला. वरचा आकडा घसरत होता. कुणीतरी पडदा ओढला. पलीकडच्या पलंगावरचा म्हातारा पेशंट "काय झालं, काय झालं" म्हणून विचारत होता आणि त्याला कुणी उत्तर देत नव्हतं.

हातमोजे घालताना शार्दूलचा अंगठा दुसऱ्याच बोटात गेला. टाके कापले. कातडी बाजूला झाली. पहिल्या तारेवर पक्कड लावली, ती निसटली. पुन्हा लावली, पुन्हा निसटली. हात लटलट कापत होते. आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. त्याला वाटलं, हे हात दुसऱ्याच कुणाचे तरी आहेत.

"सर, मला भीती…"

"वाटू दे. तार काप."

तट्.

"दुसरी."

तट्.

सबनीस लवकर कर म्हणाले नाहीत. त्यांनी घड्याळाकडेही पाहिलं नाही. हाडाच्या कडा धरायला वाकडी बोटं पुरेशी होती, ती त्यांनी दोन्हीकडून घट्ट धरली होती. प्रत्येक तार तुटली की ते पुढचीवर नजर नेत.

शेवटची तार तुटली आणि छाती उघडली.

आत हृदय दिसेचना. मटणाच्या दुकानात काळीज मांडून ठेवतात तशा गडद, थुलथुलीत गाठी भरल्या होत्या. शार्दूलने ओंजळीने त्या बाहेर काढल्या. एक, आणखी एक, मोठी एक… खाली हृदय होतं. दमल्यासारखं जेमतेम हलत होतं.

एक ठोका चुकला.

शार्दूलचाही चुकला असावा.

मग ते हृदय उसळलं. पाण्याखालून वर आलेल्या माणसाने श्वास घ्यावा तसं उसळलं, आणि पुन्हा, आणि पुन्हा. मॉनिटरचा आकडा वर सरकला.

"प्रेशर येतंय," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

"आता कुठून येतंय ते शोध," सबनीस म्हणाले.

शोधावं लागलं नाही. महाधमनीवर, सकाळी घाईने घातलेल्या टाक्याच्या शेजारी, सुईने पाडलेल्या भोकातून केसाएवढी बारीक धार उडत होती. ठोक्यागणिक उडत होती. दोघांनी ती एकाच वेळी पाहिली.

सबनीस एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर शार्दूलला बरं वाटलं असतं.

सिस्टरांनी सुईदोरा पुढे केला. शार्दूलने सुईकडे पाहिलं. मग धारेकडे. मग गुरूकडे.

"सर, काय करू?"

"तू सांग."

"…नको. सुई नको."

त्याने गॉजची लहानशी घडी केली, धारेवर ठेवली आणि वरून बोट टेकवलं. जोरात नाही. नुसतं टेकवलं आणि उभा राहिला.

थांबून राहणं किती कठीण असतं ते त्याला त्या दिवशी कळलं. बोटाखाली महाधमनी उडत होती. उचलून बघावं असं दर क्षणी वाटत होतं. उचलून बघितलं की परत पहिल्यापासून, हेही ठाऊक होतं. कपाळावरचा घाम भुवईवर आला, सिस्टरांनी तो टिपला. पाठ आखडली. कुणी बोललं नाही. पडद्यापलीकडचा म्हातारासुद्धा गप्प झाला होता…

बऱ्याच वेळाने सबनीसांनी मान हलवली.

शार्दूलने बोट उचललं. घडी हळूच सोडवली.

धार नव्हती. आणि या वेळी त्या कोरड्या जागेवर त्याचा विश्वास बसला नाही. तो बघत राहिला. सबनीस म्हणेपर्यंत बघत राहिला.

थिएटरमध्ये नेऊन छाती पुन्हा धुतली, नव्या नळ्या ठेवल्या, नव्या तारांनी हाड आवळलं. संध्याकाळच्या आत वैजयंता आयसीयूत परत आली. नळीतून थेंब पडत होते. लहान, सावकाश, पण पडत होते.

बाहेर कोंडाआक्का उभीच होती. मघाची पळापळ तिने काचेतून पाहिली होती.

"आजी," शार्दूल म्हणाला, "मघाशी मी रक्त थांबलं म्हणालो, ते चुकीचं होतं. माझ्या हातून चूक झाली. तिची छाती परत उघडावी लागली. आता ती जिवंत आहे. पण रात्र काढायची आहे अजून."



"मग तवा कशाला म्हनला थांबलं म्हनून?" ती म्हणाली. "म्या नातीला फोनवर सांगितलं की वो, आय बरी हाय म्हनून. शाळेतनं आल्या आल्या सांगितलं. नाचली ती."

शार्दूलने मान खाली घातली.

"आता काय सांगू तिला?"

"सांगा… डॉक्टर तिच्या आईजवळ बसलेत."

"तुमी का ते म्हातारं डाक्टर?"

आक्का बाकड्यावर न बसता खाली फरशीवरच बसली आणि पदर तोंडात धरून रडू लागली. तो तिच्याजवळ थोडा वेळ उभा राहिला. मग आत गेला.

आत जाऊन तो बुटक्या स्टुलावर बसला. गुडघे पोटाशी आले. त्याने नळी चिमटीत धरली आणि दाबत दाबत खालपर्यंत आणली. थेंब पडला. त्याने सुटकेचा श्वास घेतला आणि लगेच पुढच्या थेंबाची वाट बघू लागला.

मध्येच तो उठून वैजयंताच्या पावलांना हात लावून यायचा. पावलं कोमट झाली होती. त्याला ते पुरेसं वाटत नव्हतं. परत बसायचा, परत उठायचा. सिस्टर सातपुत्यांनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

दिवे लागायच्या सुमारास सबनीस आले. अंगातला हिरवा डगला उतरवून त्यांनी आपला साधा शर्ट घातला होता. हातात जेवणाचा डबा होता. त्यांनी पावलं पाहिली, मान पाहिली, बाटली पाहिली. मग खिशातून किल्ली काढली.

शार्दूल उठून उभा राहिला.

"घरी निघालात, सर?"

"हो."

"आज?"

"दमलोय. भाकरीही अर्धीच राहिली."

"सर, थांबा ना. ही रात्र तरी थांबा." शार्दूलचा आवाज चिरकला. "पुन्हा तसं झालं तर… मला एकट्याला नाही जमणार."

सबनीस ऐकत होते.

"थेंब पडला तरी भीती वाटते. पडायला वेळ लागला तरी वाटते. तिच्याकडे बघितलं की वाटते, नजर काढली की जास्त वाटते. हे बघा," त्याने दोन्ही हात पुढे केले. "मघापासून थांबतच नाहीयेत. अशा हातांच्या भरवशावर तुम्ही तिला सोडून जाणार?"

सबनीसांनी डबा खाली ठेवला. शिष्याचे दोन्ही हात आपल्या वाकड्या बोटांत घेतले. ते खरंच थरथरत होते. म्हाताऱ्याने ते बराच वेळ धरून ठेवले. मग उचलून परत नळीवर नेऊन ठेवले, डबा घेतला आणि दाराकडे वळले.

"सर…"

"सकाळी हे हात जराही हलत नव्हते," सबनीस म्हणाले. "तेव्हा मी थांबलो होतो."